मूळ दांडा जपून देतो म्हणाला आणि बाभळीचा गळ्यात मारला

जुनी कुऱ्हाड, वाकस किंवा रंधा कुणाकडे ‘रिस्टोअर’ करायला देणार असाल तर आधी दांड्याचे, मुठीचे फोटो काढून ठेवा. पात्याचे सगळेच काढतात. लाकडाचे काढा. दोन्ही टोकं, चिरा, डाग, कोरलेली अक्षरं, सगळं जवळून. आमच्या आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा गेला तो गेलाच. पण ज्याच्याकडे ती दिली होती तो अजून त्याच जोमाने नवी गिऱ्हाइकं घेतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आजोबा देवळालीच्या लष्करी छावणीत सुतारकामाला होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला, तोच आपल्याकडे डिस्पोजलचा माल म्हणून ओळखला जायचा. त्यातून ही कुऱ्हाड घरी आली. पात्यावर ‘एल्वेल’ असा इंग्रजी शिक्का, त्याखाली १९४४ आणि तीन रेघांचा बाण. एडवर्ड एल्वेल ही इंग्लंडमधल्या वेन्सबरीची, १८१७ साली सुरू झालेली अवजारांची कंपनी. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण. दांडाही तिकडचाच होता, ॲशच्या लाकडाचा. आपल्या भागात हे झाड होत नाही. लाकूड फिकट असतं, दर वर्षाच्या वाढीची रेघ त्यात स्पष्ट दिसते आणि त्या रेघेला धरून बारीक छिद्रांची रांग असते. आजोबांनी तापवलेल्या तारेने दांड्यावर ‘श्री’ काढला होता. पुढे त्याच जागी लाकडाला एक चीर गेली, ती ‘श्री’च्या वेलांटीला मधोमध कापून खाली उतरली होती. दर खंडेनवमीला हळदकुंकू लागून लागून त्या चिरेत लालसर पिवळा रंग मुरला होता.

पातं गंजलं होतं आणि दांड्याला वाळवीचा धोका वाटत होता, म्हणून नीट जतन करून घ्यायचं ठरलं. हा माणूस मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे कळला. गंजलेलं अवजार आरशासारखं चकचकीत करून दाखवायचा. फोनवर बोलणं अगदी आदबीचं. ‘दादा, वस्तू जुनी आहे, मी हात लावतो तो देवाच्या मूर्तीला लावतो तसा.’ मूळ दांडा काढायचा नाही, बदलायचा नाही, फक्त साफ करून तेल द्यायचं, हे मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘हो दादा, दांडा ओरिजिनलच राहणार.’ हा एक मेसेज पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

एकूण साडेसहा हजार ठरले, तीन हजार आगाऊ. परत आली तेव्हा बिलात एक ओळ होती: ‘मूळ दांडा संवर्धन, ३,२००’. म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे त्या दांड्याचे.

पेटी उघडली तेव्हा घरातले सगळे खूश झाले. पातं लखलखीत, दांडा काळसर, तुकतुकीत, जुना वाटावा असा. ‘श्री’ही होता. पण वेलांटी अखंड होती. चीर होती, फक्त ती अक्षराच्या बाजूने गेलेली, सरळ आणि उथळ, सुरीने ओढल्यासारखी. आणि खोलगट जागेत हळदकुंकवाचा मागमूस नाही. फोटो बघून अक्षर उतरवलं होतं. फोटोत चीर नीट दिसत नव्हती, म्हणून ती अंदाजाने पाडली होती.

हात फिरवला तर आणखी एक गोष्ट लागली. वर्षानुवर्षं वापरलेला दांडा सगळीकडे सारखा झिजत नाही. एक हात शेवटच्या टोकाशी घट्ट असतो, दुसरा पात्याखालून सरकत खाली येतो. त्यामुळे टोकाशी एक गुळगुळीत पट्टा असतो, वरच्या भागात एक लांब झीज असते आणि पात्याच्या लगेच खाली घाव चुकल्याचे ठोके असतात. इथे वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीतपणा होता, पॉलिश पेपरचा. ठोके होते, पण चारही बाजूंना सारखे. घाव चुकतो तेव्हा दांडा आपटतो तो धारेच्या बाजूने. मागच्या अंगाला तसे ठोके कसे पडतील?

आमच्याकडे एक ओळखीचे सुतार आहेत, त्यांना दाखवली. त्यांनी टोकाला पटाशीने नखाएवढी कपची काढली. वरचा काळा थर कागदाइतका पातळ, खाली लालसर तपकिरी लाकूड. ‘ही बाभूळ आहे हो,’ ते म्हणाले. ॲशची रेघ नाही, छिद्रांची रांग नाही. मग त्यांनी फरशीचे डाग काढायला वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात कालवून बोळ्याने काळ्या भागावर लावलं. बघता बघता काळा रंग फिका पडून लाकूड लाल दिसायला लागलं. (हे ॲसिड विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नका.) मग युक्ती काय होती ते त्यांनी सांगितलं. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस भिजत ठेवतात, ते पाणी टॅनिन असलेल्या लाकडाला लावलं की लाकूड काळं पडतं. बाभळीत टॅनिन भरपूर, तिची साल कातडं कमवायला वापरतात ती त्यामुळेच. म्हणजे आज तासलेली बाभूळ उद्या शंभर वर्षांची दिसते. लोखंडाचा हा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो. वापराने आणि हाताच्या घामाने मुरलेला काळेपणा असा पुसला जात नाही.

बाभूळ वाईट लाकूड आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे अवजारांचे दांडे बाभळीचे, धावड्याचे, तिवसाचेच असतात आणि ते पिढ्यान् पिढ्या टिकतात. त्याने सरळ सांगितलं असतं की दांडा मोडला, बाभळीचा बसवू का, तर वाईट वाटलं असतं, पण फसवणूक झाली नसती.

यापुढचं मला जास्त लागलं. दांडा असा चोरीछुपे बदलला, तर पातं काढलं कसं, हा प्रश्न होता. कुऱ्हाड गावच्या लोहारांकडे नेली. पंचाहत्तरीचे आहेत, अजून भाता स्वतः सांभाळतात. त्यांनी धारेवर कानस ठेवून हलकीच ओढली आणि लोखंडाचा भुगा पडला. ‘बघा, कानस कशी चावतेय. चांगल्या धारेवर ती सुळकन घसरायला पाहिजे.’ मग पाचर काढून दांडा ठोकून बाहेर काढला आणि दांडा बसतो त्या भोकात बोट घालून फिरवलं. बोट काळं झालं. आत कोळशाची भुकटी आणि लोखंडावरचा काळा खवला होता. बाहेरून बफिंग करून सगळं चमकवलं होतं, आत बफ पोचत नाही.

‘जाळलीय हिला,’ ते म्हणाले. ‘दांडा निघेना म्हणून अख्खी भट्टीत टाकली असणार. पाणी उतरलं हिचं.’

हा उद्योग किती जण करतात कुणास ठाऊक. पोलादाच्या धारेला पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेलं, आणि मग पुन्हा थोडंसं तापवून तिचा ठिसूळपणा काढलेला. हे दुसरं तापवणं साधारण सव्वादोनशे ते पावणेतीनशे अंश सेल्सिअसच्या बेताचं असतं. साफ केलेल्या पोलादावर तेव्हा आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग येतो. तीनशेच्या आसपास निळा येतो. धार त्याच्याही पुढे तापली की मऊ पडते. लाल होईपर्यंत तापून सावकाश थंड झालं तर सगळं पाणी गेलं. हँडग्राइंडरने घाईघाईत धार काढतानाही हेच होतं. धारेच्या कडेला निळसर पट्टा दिसला की तेवढा भाग बाद. पण बफ मारला की तो निळा पट्टाही निघून जातो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. त्याच बफने आमच्या शिक्क्याची अक्षरं बोथट झाली. १९४४ मधला शेवटचा चार आता फक्त तिरप्या उजेडात वाचता येतो.

पात्याचं काम लोहारांनी परत केलं. धारेकडचा भाग लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवला, तेलात बुडवला, कानशीने घासून उजळ केला आणि मागून तापवत रंग धारेकडे येताना बघत बसले. तपकिरी रंग धारेला टेकला तसं थांबवलं. त्यांनी जे पैसे सांगितले ते ऐकून मला त्या साडेसहा हजारांची चीड आली. पातं त्यांच्यामुळे वाचलं. दांड्याला इलाज नाही.

त्या माणसाला फोन केला तेव्हा आधी म्हणाला, जुनं लाकूड साफ केलं की वेगळं दिसतं. कपचीचा फोटो पाठवल्यावर म्हणाला, दांडा आतून सडला होता, तुमच्या भल्यासाठी बदलला. मग जुना तुकडा परत दे म्हटलं, तर तो टाकून दिला. मग बिलात ‘मूळ दांडा संवर्धन’ का लिहिलं, यावर उत्तर नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक.

आता जे कुणी काम द्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. दांडा पात्यात घट्ट असेल तर तो काढायचं कारणच नसतं. ‘डोकं वेगळं केल्याशिवाय गंज जात नाही’ असं सांगणाऱ्याकडे देऊ नका. गंज पातं दांड्यात असतानाही रॉकेल आणि तारेच्या ब्रशने निघतो. काढायचाच झाला तर वरून पाचरेत बारीक भोकं पाडून ती मोकळी करतात आणि दांडा वरून ठोकत खाली उतरवतात. याला वेळ लागतो, म्हणून लोक आग लावतात. लाकूड ओलसर फडक्याने पुसायचं, पॉलिश पेपर लावायचा नाही, कारण जुनेपण त्या वरच्या थरातच असतं. मग जवसाचं तेल, अगदी पातळ हात, मुरलं की जास्तीचं पुसून पुन्हा एक हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. दांडा सैल झाला म्हणून रात्रभर पाण्यात ठेवायची पद्धत आहे, तीही टाळा. लाकूड फुगून बसतं खरं, पण वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं.

कामाआधी लेखी घ्या की काय बदलणार, काय नाही, आणि काढलेला प्रत्येक तुकडा, पाचरेसकट, परत मिळणार. यावर जो का-कू करेल त्याच्याकडून वस्तू उचलून घरी या. काम चालू असतानाचे फोटो मागा, पण दांडा पात्याच्या भोकात बसलेला असतानाचे, नुसते पुसल्यावरचे नकोत. वस्तू हातात आल्यावर उरलेले पैसे द्यायच्या आधी कानस फिरवून बघा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पोलिसांत ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेल्या वस्तूच्या अपहारासाठी ३१६. तक्रारीसोबत मी बिल, तो व्हॉट्सॲप मेसेज, जुने फोटो आणि सुतारांनी काढलेली कपची जोडली आहे. तुमच्याबाबतीत असंच काही झालं असेल तर बदललेला दांडा रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. त्यावर नवं तेल किंवा वॉर्निश लावू नका, आणि कपची काढायची ती दोन साक्षीदारांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून काढा.