दणकट ट्रेलर आणि दीडशे रुपयांचा सील: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या माहितीपत्रकात छापलंय की तो गुडघाभर पाण्यातून आरामात जातो. वॉरंटीच्या कागदावर छापलंय की हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागात, पाणी शिरून झालेलं नुकसान कंपनी भरून देणार नाही. दोन्ही कागद एकाच कंपनीचे आणि एकाच पाकिटातून आलेले. पाण्यात घाला म्हणून विकलेल्या वस्तूत पाणी शिरलं की जबाबदारी घेणाऱ्याची, हे मला पटत नाही. एवढं सविस्तर लिहायला बसले ते मुख्यतः याचसाठी.

ट्रेलरची ओळख थोडक्यात, कारण असे ट्रेलर बघणाऱ्यांना बाकीचं ठाऊक असतं. एक अ‍ॅक्सल, दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागे उघडणारं किचन, वर घडीचा तंबू, ६० लिटर पाण्याची टाकी, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, २०० वॅटचं सोलर पॅनेल. भरलेलं वजन ७०० किलोच्या आसपास. साडेसहा लाख मोजले. आम्ही मुलुंडला राहतो आणि बोलेरोने ओढतो.

दसऱ्यानंतर नाशिक हायवेने निघालो होतो. कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली आणि घोटीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर उतरले, तर जळक्या तेलाचा वास. उजवं चाक कोमट, डाव्याच्या हबला बोट टेकवत नव्हतं. पंपाशेजारच्या गॅरेजवाल्या दादांनी जॅक लावला, चाक काढलं, हबची टोपी उचकटली आणि बोटावर ग्रीस घेऊन मला दाखवलं. "ताई, हे ग्रीस नाही राहिलं, ह्याचं ताक झालंय." खरंच पांढुरकं, पातळ झालं होतं. आतल्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे, कपावर, म्हणजे रोलर ज्या कड्यात फिरतात त्यावर, ओरखडे, आणि स्पिंडलवर, म्हणजे हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावर, तापल्याची निळी झाक. अजून पंधरा-वीस किलोमीटर गेलो असतो तर चाक हबसकट निखळलं असतं, असं ते म्हणाले. स्पिंडल बघितल्यावर मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

पहिला संशय बेअरिंगवर गेला, स्वस्तातलं घातलं असणार म्हणून. साफ केल्यावर नंबर दिसले: आत एल ६८१४९, बाहेर एल ४४६४९. जगभर हलक्या ट्रेलरना हीच जोडी वापरतात, माल चांगल्या कंपनीचा होता. ग्रीसही कमी भरलेलं नव्हतं. मग दादांनी मागचा ऑइल सील, म्हणजे हबचं मागचं तोंड बंद करणारी रबरी कडी, काढून हातात दिला. एकच ओठ, म्हणजे रबराची टेकणारी कड, तोही आतल्या बाजूला वळलेला. अशा सीलचं काम ग्रीस बाहेर जाऊ न देणं. बाहेरचं पाणी अडवायला त्याच्यावर काहीच नव्हतं.

हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण ट्रेलर घेताना कोणी सांगत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही घोटीवरून बारी, शेंडी करत भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला गेलो होतो. उतारावर ब्रेक लागत राहतात, हब तापतो, आतली हवा प्रसरण पावते. शेवटी शेताच्या वाटेवर ओढा लागला. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा झटक्यात आकसते आणि आत पोकळी तयार होते. ती भरायला जे जवळ असेल ते आत ओढलं जातं, आणि जवळ असतं पाणी. एकेरी ओठाचा सील त्याला वाट देतो. त्या दिवशी काहीच कळत नाही, ट्रेलर घरी व्यवस्थित येतो. खरं नुकसान उभ्या ट्रेलरमध्ये होतं. पाणी मिसळलेल्या ग्रीसमध्ये रोलर एकाच जागी आठवडेच्या आठवडे टेकून राहतात, तिथे गंज धरतो, आणि पुढच्या लांब पल्ल्याला तेच खड्डे फिरत फिरत कप खातात. मुंबईतल्या माणसाचा ट्रेलर बहुतेक वेळ उभाच असतो. त्यामुळे आपल्याला हा सील गावाकडच्या माणसापेक्षा जास्त महागात पडतो.

कंपनीशी भांडण लांबलं. फोटो पाठवले, ग्रीसचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "मॅडम, ट्रेलर पाण्यात बुडवलेला दिसतो." मी त्यांच्याच जाहिरातीतला फोटो उलट पाठवला. त्यात त्यांचा ट्रेलर ओढ्यात आमच्यापेक्षा खोल उभा आहे. मग दोन आठवडे शांतता. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि मेलमध्ये एवढंच लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, त्यासाठी कंपनीच्या गावी खेपा माराव्या लागत नाहीत. आठवड्याच्या आत दोन्ही हब, चारही बेअरिंगं आणि सील फुकट घरपोच आले. बिघडलेला ट्रेलर उचलून न्यायला लागलेल्या क्रेनचं भाडं आणि मजुरी मात्र माझ्या खिशातून गेली.

खोका उघडला तर आत पुन्हा तोच एकेरी ओठाचा सील.

त्या क्षणी राग आला तेवढा घोटीलाही आला नव्हता. बिघाड होऊ शकतो, पण बिघाडाचं कारण हातात आल्यावर तेच परत पाठवणं म्हणजे समोरच्याने काही वाचलेलंच नाही. मी ते सील बसवले नाहीत. जुना सील पिशवीत टाकला, व्हर्नियर घेतला आणि मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेले. बेअरिंग, सील, बेल्ट, काहीही नंबरावर मिळण्याची मुंबईतली ही जागा. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदारांनी सील उलटासुलटा करून विचारलं, गाडी पाण्यात जाते का? हो म्हटल्यावर त्यांनी भातशेतीच्या ट्रॅक्टरला लावतात तो कॅसेट सील काढून दाखवला. आत एकामागे एक ओठ, चिखलात तासन्‌तास चालायला बनवलेला. चिखलणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला जे मिळतं ते साडेसहा लाखांच्या 'ऑफ-रोड' ट्रेलरला का मिळू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

कॅसेट सील जाडीला जास्त निघाला, आमच्या हबच्या खोबणीत बसेना. म्हणून त्याच मापाचा डबल लिप घेतला: एक ओठ आत ग्रीससाठी, एक बाहेर धूळ-पाण्यासाठी. एकाची किंमत दीडशेच्या आतबाहेर. कंपनीने वाचवले असतील ते चाकामागे पन्नास-साठ रुपये. त्यापायी माझं क्रेन, मजुरी आणि एक अख्खी सुट्टी गेली.

बसवताना आणखी दोन गोष्टी केल्या. जुनं ग्रीस डिझेलने पूर्ण धुऊन काढलं आणि कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस भरलं, जे पाण्याला जास्त तोंड देतं. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळायची नाहीत, ती पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. आणि साध्या टोपीच्या जागी स्प्रिंगवाली टोपी लावली. तिच्यातली स्प्रिंग ग्रीसवर हलका दाब ठेवते, म्हणजे हब गार झाला तरी आत पोकळी होत नाही. मात्र तिच्यात ग्रीस गन दाबत राहिलं तर मागचा सीलच बाहेर ढकलला जातो, तेव्हा स्प्रिंग थोडी हलली की थांबायचं.

आता बाकीचं. पहिल्या पावसाळ्यात मी सगळ्यांना सांगत होते की सोलरवर पैसे घालू नका. ढगाळ दिवसात २०० वॅटचं पॅनेल दहा-वीस टक्के देतं आणि फ्रिजला दिवसाला साधारण ५०० वॅट-तास लागतात. १२८० वॅट-तासांची बॅटरी दोन दिवसांत संपायची. ते मत मी आता बदललंय, कारण पॅनेलकडून घाटातल्या पावसात कोणी अपेक्षाच ठेवू नये. पावसात बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरने, भरायला हवी होती, आणि ती भरत नव्हती कंपनीने ओढलेल्या वायरीमुळे. अडीच चौरस मिलीमीटरची, जाऊन-येऊन चौदा मीटर. पंधरा अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो. अल्टरनेटर १४.२ देतो, बॅटरीपाशी १२.८ पोचतो, आणि लिथियम फॉस्फेटला पूर्ण भरायला १४.४ लागतो. लॅमिंग्टन रोडवरून दहा चौरस मिलीमीटरची वायर आणि व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आणून बसवला. आता मुलुंड ते भंडारदरा एवढ्या प्रवासात बॅटरी बऱ्यापैकी भरते, आणि पॅनेल दिवाळीनंतरच्या उन्हात एकटं फ्रिज सांभाळतं.

तंबूबद्दल तक्रार नाही. रतनवाडीच्या पावसात, जिथे छत्री उघडण्यात अर्थ नसतो, तिथे आत एक थेंब आला नाही. अभयारण्याच्या हद्दीत मनात येईल तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून आम्ही गावातल्या ओळखीच्या मामांच्या शेतात, पैसे देऊन, शेकोटी न करता राहतो. सकाळी ढग वर सरकले आणि रतनगडाचा खुट्टा सुळका दिसला की सासूबाई तंबूतूनच हात जोडतात. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, लॉजच्या ओल्या गाद्यांवर त्यांना झोप लागत नाही, इथे लागते. ट्रेलर विकायचा विषय घरात निघाला तेव्हा सर्वात आधी त्यांनीच नाही म्हटलं. पण ओला तंबू मुंबईत आणून वाळवणं हे मोठं काम आहे. दोन-तीन दिवस घडी तशीच राहिली तर काळी बुरशी धरते आणि ती जात नाही. आम्ही गच्चीवर वाळवतो, कमिटीची परवानगी घेऊन.

कमिटीचा विषय निघालाच तर पार्किंग. मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला स्वतःची नोंदणी आणि नंबरप्लेट लागते. त्याच आधारावर आमच्या सोसायटीने तो दुसरी गाडी धरला आणि जागा नाकारली. कायद्याने त्यांचं चुकलेलं नाही. भिवंडीकडे एका गोदामाच्या आवारात महिना भाड्याने ठेवतो. हा खर्च घेण्याआधीच हिशेबात धरा, नुसती ट्रेलरची किंमत बघून भागत नाही.

ओढण्याबद्दल एवढंच: पुढच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार हवा, म्हणजे आमच्यासाठी सत्तर किलो. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे, त्यामुळे परतीला टाकी रिकामी झाली की पुढचा भार कमी होतो आणि ऐंशीच्या वर ट्रेलर डुलायला लागतो. परतीला आम्ही जड सामान पुढे सरकवतो. सस्पेन्शन मात्र उत्तम. खडीच्या रस्त्यावर किचनमधली काचेची बरणीही फुटली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात ट्रेलर पुन्हा ओढ्यांतून नेला, मुद्दाम नेला. सप्टेंबरमध्ये दोन्ही हब उघडले. ग्रीस जसं भरलं तसंच होतं, रोलर चकचकीत. हे फोटो कंपनीला पाठवले आणि पुढच्या मालाला डबल लिप घालणार का, असं लेखी विचारलंय. "इंजिनिअरिंग टीमला कळवलं आहे" यापलीकडे उत्तर नाही. ट्रेलर आम्ही ठेवतोय, पण याच कंपनीचा घ्या असं मी आज तरी कोणाला सांगणार नाही.

जुना ट्रेलर घेणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास विकायला येणारे जास्त काळजीने बघा, ते नुकतेच पावसातून आलेले असतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खुळखुळ आली तर बेअरिंग सैल आहे किंवा गेलंय. हाताने फिरवून कान लावा, खरखर ऐकू येते. मग टोपी काढून ग्रीस बोटावर घ्या. ते पांढुरकं असेल तर दोन्ही हबांचा खर्च किमतीतून वजा करा, आणि मालक टोपी काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.