आज्जाचं लिस्टर टाईप इंजान, सात महिने विहिरीवर चालवल्यानंतर

दिवाळीच्या पाडव्याला नारळ फोडून चालू केलं आणि आता मृग लागला, म्हणजे सात महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. हे डिझेल इंजान आज्जानं घेतलेलं, ६ हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम (मिनिटाला फेरे), एक सिलेंडर, दोन्ही बाजूला फ्लायव्हील म्हणजे जड चाक. पंधरा वर्षं खोपीत कडब्याखाली पडून होतं. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि वडलांना ह्या वयात रात्रीचं उसात पाणी पाजायला पाठवायचं म्हणजे माझ्याच जिवाला घोर, म्हणून बाहेर काढलं.

उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, दुरुस्तीला नेलं. लायनर (सिलेंडरच्या आतली नळी), पिस्टनच्या रिंगा, नोझल (डिझेल फवारणारं तोंड) नवीन टाकलं, व्हॉल्व घासून बसवून घेतले, बाकी सगळं मूळचंच. हे डिझाईन इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं, १९३० च्या आसपासचं, तरी आजबी पार्ट मिळतात ही लै मोठी गोष्ट हाय.

चालू करायचं तंत्र शिकावं लागतं. खटका उचलून कॉम्प्रेशन सोडायचं, हँडल मारत फ्लायव्हीलला वेग आणायचा आणि मग खटका सोडायचा. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण उलटा झटका बसला तर मनगट जातंय. थंडीत पहाटे दोन-तीनदा मारावं लागायचं, उन्हाळ्यात पहिल्याच दणक्यात.

इंजानला १४ इंची पुली, पंपाला ६ इंची, पट्टा थोडा घसरतोय ते धरून पंप १४५० आरपीएमच्या आसपास फिरतोय. डिझेल तासाला सव्वा लिटर. लाईटच्या मोटारीपेक्षा महाग पडतंय हे खरं हाय, पण पाणी दिवसाढवळ्या मिळतंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थंड करायचं पाणी. आमच्यात पद्धत अशी की पंपाच्या डिलिव्हरीला छोटी नळी जोडून तेच पाणी इंजानच्या जॅकेटमधनं (सिलेंडरभोवतीच्या पोकळीतनं) फिरवायचं, आणि मी सुरुवातीला कॉक फुल्ल सोडत होतो, मला वाटायचं जेवढं गार तेवढं बरं. दोन महिन्यात काळा धूर, सायलेन्सरमधनं चिकट काळं तेल गळायला लागलं. मेस्त्री मामा आले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात नुसता हात घातला आणि म्हणाले, "अरं हे तर विहिरीसारखं गार हाय, इंजान तापलंच न्हाई तर डिझेल जळणार कसं?" तेव्हापासनं कॉक इतकाच उघडतो की बाहेरचं पाणी हाताला कढत लागलं पाहिजे पण हात ठेवता आला पाहिजे. धूर गेला, तेलबी थांबलं.

ह्याच्यात एक धोका हाय. पंपानं पाणी ओढायचं थांबवलं तर जॅकेटचंबी पाणी बंद. एप्रिलमध्ये फूट व्हॉल्वमध्ये (विहिरीतल्या नळीच्या खालच्या तोंडाच्या व्हॉल्वमध्ये) पाला अडकला, पंप हवा धरून बसला, मी तिकडं उसात पाण्याचं बारं फोडत होतो. लोड गेला की ह्याचा टुक्-टुक् आवाज एकदम हलका होतोय, तो कानावर आला म्हणून पळत येऊन डिझेल बंद केलं, नाहीतर तापून पिस्टन धरला (जाम झाला) असता. म्हणून सांगतो, ह्याला चालू करून घरी जेवायला जायचं नाही, आवाज कानावर पडंल एवढ्या अंतरातच ऱ्हायचं.

आणि पंप पाण्यापासनं २० फुटाच्या आत पाहिजे. मे महिन्यात विहीर खाली गेली तशी पाणी ओढायचं कमी झालं, त्यात इंजानचा काय दोष न्हाई, पंप खालच्या टप्प्यावर बसवला आणि पट्टा लांब केला.

आता पाऊस चालू झालाय, पट्टा काढून सुकवून ठेवलाय. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेरिंगचा जरा ठोका येतोय, तेवढं दसऱ्याच्या आत खोलून बघणार.