केळीबागेच्या चित्रांना जलरंग की गवाश?

रावेर-यावलच्या केळीबागांवर चित्रमालिका करायची, पण जलरंग घ्यावेत की गवाश, हा पेच उन्हाळ्यात हमखास पडतो. दोन्हींत बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा घटक, बहुधा गम अरेबिक हा डिंकच. फरक पारदर्शकतेचा: जलरंगातून खालचा कागद दिसतो, गवाश तो झाकतो.

खानदेशात पहिला मुद्दा वाळण्याचा. ४४-४५ अंशांच्या कोरड्या हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागदाच्या निम्म्यावर येईतो वरची कड सुकते आणि कडक रेघ उमटते. म्हणून ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर बसवा, वॉश लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवा आणि सकाळी लवकर काम उरका. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब चालतात. जास्त झाले तर रंग चिकट राहतो.

गवाशला हीच हवा मानवते. थर पटकन वाळतो, लगेच दुसरा देता येतो. तो साईइतकाच दाट हवा. जाड लेपाला तडे जातात. ओला ब्रश तिथेच घोळवला तर खालचा थर उचलला जातो. फिके रंग वाळल्यावर गडद, गडद रंग फिके दिसतात, तेव्हा तुकड्यावर वाळवून पाहाच.

चूक सुधारण्यात गवाश सरस. जलरंगात पानावरची चमक म्हणजे राखलेला कोरा कागद. एकदा रंगला की गेला.

खर्चात जलरंगाला चांगला कागद लागतो, गवाशमध्ये पांढरी ट्यूब भराभर संपते. स्वस्त पोस्टर कलर छपाईपुरते ठीक, पण चित्र भिंतीवर टांगले तर त्यातले काही रंग उडतात.

पानांतून झिरपणारा उजेड हवा असेल तर जलरंगच. पुस्तकासाठी, ठरलेल्या मुदतीत, दुरुस्त्या होणार असतील तर गवाश.