भुवयांच्या टिंटच्या सहा शेड्स आणि एक सैल बुची: काही महिन्यांच्या वापरानंतर

भुवयांना रंग देणाऱ्या टिंटच्या या संचाबद्दल लिहिताना शेड्सपासून सुरुवात करायची, असे मी ठरवले होते. परंतु गेल्या आठवड्यात आलेली डेव्हलपरची, म्हणजे टिंटमध्ये थेंबाथेंबाने मिसळायच्या द्रावणाची, नवी बाटलीही आधीच्या बाटल्यांप्रमाणेच सैल बुचीची निघाली आणि ‘मॅडम, सगळीकडे हाच माल जातो, तक्रार फक्त तुमचीच आहे’ असे सांगून वितरकाने फोन ठेवला. त्यामुळे आधी बुचीचा हिशेब पुरा करते.

संचात काय असते हे पार्लर चालवणाऱ्या बहुतेकींना ठाऊक आहे. १५ मिलिलिटरच्या सहा ट्यूब आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा पातळ डेव्हलपर असा तो संच असून, २ सेंटिमीटर टिंटला डेव्हलपरचे १० थेंब घ्यावेत असे माहितीपत्रकात छापलेले आहे. प्रत्यक्षात दोन्ही भुवयांना मिळून १ सेंटिमीटर टिंट पुरतो, म्हणजे थेंब हवेत पाच. पाचांत एक थेंब जास्त पडला तरी डेव्हलपर वीस टक्क्यांनी वाढतो, आणि या बुचीतून कधी थेंब पडतो तर कधी सरळ धारच लागते. मग मिश्रण घावनाच्या पिठासारखे वाहू लागते, पापणीकडे ओघळते, आणि डोळे मिटून आरामात पडलेली बाई दचकून उठते. डेव्हलपर कमी पडला तर उलट त्रास होतो: मिश्रण घट्ट राहते, केसांच्या मुळाशी पोचत नाही आणि पुसल्यावर भुवईत ठिपके दिसतात. शेड निवडण्यात कितीही डोके घातले तरी थेंबांचा भरवसा नसेल तर आज साधलेला रंग त्याच बाईला पुढच्या महिन्यात साधेल याची खात्री देता येत नाही, आणि म्हणूनच एवढ्याशा बुचीवर मी इतकी चिडलेली आहे.

यावर वितरकाने सुचवलेला उपाय असा, की केसांच्या रंगाबरोबर येणारा २० व्हॉल्यूमचा क्रीम डेव्हलपर वापरावा, म्हणजे थेंब मोजायलाच नकोत. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. भुवईसाठी १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्केच, ही मर्यादा आहे. डोळ्यापासून बोटभर अंतरावर दुप्पट तीव्रतेचे रसायन लावण्याचा सल्ला माल विकणारा माणूस सहज देतो, याचे मला अजून आश्चर्य वाटते. मी शेवटी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज आणली. साधारण वीस थेंबांचा १ मिलिलिटर होतो, त्यामुळे १ सेंटिमीटर टिंटला पाव मिलिलिटर डेव्हलपर, असे सोपे माप ठरले. काही रुपयांच्या सिरिंजने जे काम होते, ते एवढ्या महागड्या बाटलीला जमू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता शेड्स. संचात लाइट ब्राउन, नॅचरल ब्राउन, चेस्टनट, ग्रॅफाइट, काळा आणि निळसर काळा अशा सहा शेड्स आहेत. रत्नागिरीत दहापैकी नऊ जणींचे केस काळे, तेव्हा काळी ट्यूब आधी संपेल आणि ब्राउन पडून राहतील, या हिशेबाने मी पहिल्याच मागणीत काळ्याची एक ट्यूब जास्त घेतली होती. ती जास्तीची ट्यूब अजून सीलबंद आहे, तर नॅचरल ब्राउन मात्र दोनदा मागवावा लागला.

याचे कारण टिंटच्या कामातच आहे. ३ टक्क्यांचा डेव्हलपर केसांचा मूळ रंग उतरवत नाही. तो फक्त वरून रंग बसवतो. त्यामुळे काळ्याभोर केसावर ब्राउन टिंट लावला तरी तो केस काळाच राहतो. रंग दिसतो तो भुवईच्या कडेच्या बारीक भुरकट लवेवर, उन्हाने फिकट झालेल्या टोकांवर आणि काही दिवस खालच्या त्वचेवर. म्हणजे शेड निवडताना डोक्यावरच्या केसांकडे पाहून भागत नाही, त्वचेची छटा पाहावी लागते. गव्हाळ वर्णावर त्या लवेला निखळ काळा रंग दिला की भुवई जाड दिसते आणि चेहरा रागीट होतो. नॅचरल ब्राउन दिला की तीच भुवई फक्त भरलेली दिसते. सावळ्या वर्णाला मी नॅचरल ब्राउनचे तीन भाग आणि काळ्याचा एक भाग घेते. आपल्याकडे घाऱ्या डोळ्यांच्या, गोऱ्या बायकांची वाण नाही; त्यांच्या भुवया मुळातच तपकिरी असतात, आणि त्यांना लाइट ब्राउनच्या पुढे जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यांच्या बाबतीत तिसऱ्या मिनिटालाच ओल्या कापसाने एक कोपरा पुसून पाहावा. वाटीतल्या मिश्रणाच्या रंगावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण हवा लागताच ते काळवंडत जाते आणि प्रत्येक शेड शेवटी सारखीच दिसू लागते. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्यावी, धातूची घेऊ नये.

ग्राहकांना हे पटवणे वेगळे. मिरकरवाड्याला मासळी विकणाऱ्या एक मावशी खुर्चीत बसताच म्हणाल्या, ‘काळ्याच कर गो, चॉकलेटी नको.’ त्यांच्या निम्म्या भुवया पांढऱ्या होत्या, आणि पांढऱ्या केसावर नुसता काळा टिंट उतरताना निळसर दिसतो. नुसता ब्राउन लावावा तर थोड्याच दिवसांत तो तांबूस होतो, आणि तांबूस भुवयांना मावशी चॉकलेटीच म्हणणार. इथे मला ग्रॅफाइट उपयोगी पडला. पहिले दोन-तीन महिने ही राखाडी ट्यूब मी संचातली भरतीची वस्तू समजत होते. कोकणात राखाडी भुवया कोणाला हव्यात? पण नॅचरल ब्राउनचे तीन भाग आणि ग्रॅफाइटचा एक भाग एकत्र केला की ग्रॅफाइटमधली थंड छटा ब्राउनमधला तांबडेपणा दाबून धरते आणि पांढऱ्या केसांवर मऊ, गडद रंग बसतो. संचातली सर्वांत मोलाची ट्यूब कोणती असे आज कोणी विचारले तर मी ग्रॅफाइट सांगेन. पांढरा केस राठ असतो, रंग उशिरा घेतो. म्हणून मिश्रण आधी पांढऱ्या केसांवर लावावे आणि मग उरलेल्या भुवईवर. एरवी माझा क्रम बाहेरच्या टोकाकडून नाकाकडे असा असतो, म्हणजे नाकाजवळचा भाग आपोआप फिका राहतो.

डोक्याला मेंदी लावणाऱ्या बायकांसाठी चेस्टनट आहे, पण तो एकटा लावल्यास भुवया केसांपेक्षा तांबड्या होतात. नॅचरल ब्राउनच्या दोन भागांना त्याचा एक भाग पुरे. निळसर काळ्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. या संचात तो कोणासाठी घातला आहे हे मला कळलेले नाही.

आणखी एक प्रकार वारंवार येतो. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ झालेला असतो आणि टिंटने तो ‘भरून द्या’ अशी मागणी होते. जिथे केसच नाही तिथे टिंट फक्त त्वचा रंगवतो आणि तो डाग आठवडाभरात जातो. त्यासाठी पैसे घेणे मला पटत नाही. थायरॉइडचे काम मंदावले की भुवया नेमक्या बाहेरच्या बाजूने विरळ होऊ शकतात, म्हणून अशा काकू-वहिनींना एकदा रक्ततपासणी करून घ्या, एवढे मी सांगते.

पॅच टेस्टवर, म्हणजे आधी ठिपकाभर लावून ॲलर्जी तपासण्यावर, मात्र मी तडजोड करत नाही, आणि त्यापायी गणपतीच्या दिवसांत काही गिऱ्हाइके परतही गेली. अशा टिंटमध्ये पीपीडी (पॅरा-फिनिलीनडायअमिन हे रसायन) किंवा त्याच्या कुळातली रंगद्रव्ये असतात. आपल्याकडे ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांतही बहुधा तेच पीपीडी असते, त्यामुळे वर्षानुवर्षे ती पाकिटे वापरलेल्या बाईला त्याची ॲलर्जी आधीच झालेली असू शकते. पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर, तो भुवयांना व पापण्यांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, ही सूचना भारतात छापावीच लागते. तरीही डोक्याच्या केसांचा तोच रंग भुवयांना लावणारी पार्लर्स आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश लूर’ या पापण्यांच्या रंगाने दृष्टी गेल्याची प्रकरणे घडली आणि १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांना कायद्याखाली आणण्यामागे तेही एक कारण होते, हे ठाऊक असताना घाई कशाला करायची? मी कानामागे मिश्रणाचा एक ठिपका लावून ४८ तास थांबते. मुंबईहून येणाऱ्यांनी गावी पोचल्याच्या दिवशी ठिपका लावून जावे आणि गौरीच्या आधी भुवया करून घ्याव्यात, असे आता त्यांना फोनवरच सांगून ठेवते. काळ्या मेंदीने पूर्वी कधी खाज किंवा सूज आली असेल, तर ठिपकाही लावत नाही, सरळ नकार देते.

टिंट आणि थ्रेडिंग एकाच दिवशी असेल तर टिंट आधी करते. दोऱ्याने सोललेल्या त्वचेवर हे मिश्रण झोंबते आणि डागही गडद पडतो. भोवती व्हॅसलिन लावताना ते केसांवर आले तर तिथे रंग धरत नाही.

टिकण्याबाबत कंपनीचा दावा सहा आठवड्यांचा आहे. घरात किंवा कार्यालयात बसणाऱ्यांच्या भुवयांवर तो साधारण खरा ठरतो, परंतु बंदरावर उन्हात आणि घामात राबणाऱ्यांचा रंग चौथ्या आठवड्याआधीच फिका होतो, आणि तेलकट त्वचेवर त्याहूनही लवकर. पैसे घेण्याआधी हे सांगून टाकावे. हवा लागून ट्यूबच्या तोंडाशी काळा खडा धरतो तो वेगळाच. प्रत्येक वापरानंतर तोंड पुसून टोपण घट्ट लावले नाही तर पुढच्या वेळी पहिला अर्धा सेंटिमीटर फेकून द्यावा लागतो. अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक भुवई!

लहान पार्लरसाठी सहांचा संच घेऊ नये. नॅचरल ब्राउनच्या दोन ट्यूब, लाइट ब्राउन, ग्रॅफाइट आणि काळ्याची एकेक ट्यूब सुटी मागवावी. मेंदीवाल्या बायका जास्त येत असतील तरच चेस्टनट घ्यावा. पावसाळ्यात आंबा घाट बंद पडला की कोल्हापूरचे पार्सल अडकते, म्हणून मागणी मे महिन्यातच द्यावी. टिंटला मी पाचपैकी चार गुण देते आणि डेव्हलपरच्या बाटलीला शून्य. बुची बदलून मिळेपर्यंत वितरकाचे मागच्या बिलातले डेव्हलपरचे पैसे मी थांबवून ठेवले आहेत, आणि त्यानंतर त्याचा फोन दिवसाआड येतो.