वीस वर्षांची गाडी, वर्षभराचा वापर

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे तिच्या तक्रारीही येणार आहेत आणि वीस वर्षं पळालेल्या गाडीच्या तक्रारी कंपनीच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही. शिवाय या वयाच्या दोन गाड्या एकाच मॉडेलच्या असल्या तरी सारख्या राहिलेल्या नसतात. मधल्या मालकांनी ऑइल वेळेवर बदललं का, गाडी उन्हापावसात उभी होती की छपराखाली, यावर सगळं अवलंबून. तेव्हा एवढंच सांगतो: छोटी हॅचबॅक, १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, मागच्या काचा हाताने फिरवायच्या. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत चक्क तारेची केबल जाते, मध्ये कॉम्प्युटर नाही. घेतली तेव्हा मीटर दीड लाख किलोमीटरच्या पुढे होता. किंमत नव्या गाडीचे चार-पाच हप्ते भरावेत इतकी.

स्वस्ताईचा हिशेब आधी उरकून घेतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. नव्या गाडीचा सर्वात मोठा खर्च पेट्रोलही नसतो आणि सर्व्हिसिंगही नसतं; तो असतो उतरत जाणाऱ्या किमतीचा. पहिल्या काही वर्षांत ही घसरण सगळ्यात जोरात होते, आणि ती कुठल्याच पावतीवर छापून येत नसल्यामुळे गाडी विकेपर्यंत कळतही नाही. माझ्या गाडीची किंमत खाली जायची तेवढी कधीच गेली आहे. मात्र वाचलेली रक्कम खिशात राहते या भ्रमात कुणी राहू नये. जुनी गाडी घेताना तिच्या किमतीच्या निम्मी रक्कम तरी बाजूला ठेवावी आणि ती पहिल्या दोन महिन्यांत संपेल असं धरून चालावं.

माझी संपली. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा), तो ताणून धरणारे टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घेतले. जुना बेल्ट बाहेरून बरा दिसत होता, पण तो कधी बसवला याची पावती नव्हती, आणि पावती नसेल तर बेल्ट बदलायचाच, यात वाद नाही. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग व्हॉल्व्ह वाकतात, आणि स्वस्तातल्या गाडीचा कारभार बहुतेक वेळा तिथेच आटोपतो. ब्रेक ऑइलही लगेच बदललं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं: डॉट ४ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेल्याची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबच्या उतारावर पेडल मऊ पडण्यामागे हे एक कारण असतं. टायरांची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या हिशेबाने टायर चांगलेच म्हातारे निघाले आणि रबर दगडासारखं कडक झालेलं होतं. तेही गेले.

मीटरवरच्या आकड्यापेक्षा पावत्यांची फाइल महत्त्वाची, हे मी घेण्याआधीही मानत होतो, आता जास्तच मानतो. अमेरिकेतले शिक्षक अर्व गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो पी१८०० २०१३ मध्ये तीस लाख मैलांच्या पुढे नेली, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरच्याही वर. हा दाखला जुन्या गाड्यांच्या मजबुतीसाठी नेहमी दिला जातो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते: गाडी पहिल्यापासून एकाच माणसाकडे होती आणि तिचं काय केलं, कधी केलं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. माझ्यासारखा तिसरा-चौथा मालक गाडीबरोबर तिचा न लिहिलेला इतिहासही विकत घेतो.

आता सुखाकडे येतो. पहिलं सुख अगदी साधं: धाक नाही. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार उघडताना ठोकलं तर मी वळूनही बघत नाही. पत्र्यावर आधीच इतके पोचे आहेत की नवा कुठला ते सांगता येत नाही. मातीची पोती, ओली सायकल, कुत्रं, रंगाचे डबे, सगळं मागची सीट पाडून आत जातं. नव्या गाडीत पहिला ओरखडा येईपर्यंत माणूस तिची राखण करत असतो. इथे ते काम आधीच्या मालकांनी केलेलं आहे, आणि त्यांचे आभार.

पण धाक जाण्याचा खरा फायदा वेगळाच निघाला. गाडी महागाची नसल्यामुळे मी तिला हात लावायला लागलो. वॉरंटी जाण्याची भीती नाही, कारण वॉरंटी जाऊन जमाना झाला. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरीची टोकं साफ करणं, इथून सुरुवात झाली. एकेका कामाने बॉनेटखालचा काळा पसारा ओळखीचा होत गेला. आणि ओळख झाली की कानही तयार होतात. आता गाडी चालवताना रेडिओ बहुतेक बंदच असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. गतिरोधकावर बद्द आवाज आला तर सस्पेन्शनचा बुश किंवा लिंक रॉड. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग. आणि लांब वळणावर एका बाजूला भार गेला की घरघर वाढते, दुसऱ्या बाजूला गेला की कमी होते, त्यावरून कुठल्या चाकाचं ते बरंच कळतं. सकाळी पहिल्या सेल्फला किंचाळी आली की फॅन बेल्ट सैल. हे काही मोठं शास्त्र नाही. नव्या गाड्यांत आवाज आतपर्यंत येऊ नये म्हणून केवढा खटाटोप केलेला असतो. इथे सगळंच ऐकू येतं, आणि त्याचा उपयोग होतो.

वर्षभरातला सगळ्यात आनंदाचा प्रसंग बिघाडाचाच आहे. गाडीचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं नुसतं चालू राहणं, बिघडलं. सिग्नलला उभं राहिलं की आरपीएमचा काटा हजारच्या वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. थंड इंजिनावर जास्त, आणि रस्त्यावर वेग घेतला की काहीच नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी न तपासता सेन्सर बदला म्हणून सांगितलं. सेन्सर महाग होता, म्हणून आधी स्वतः बघायचं ठरवलं. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं ओबीडीचं (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचं, म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवलेले दोष वाचायचं) सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं. त्यात अंगठ्याएवढा ब्लूटूथ स्कॅनर लावला की इंजिनाच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष मोबाइलवर दिसतो. माझ्याकडे दिसला पी०१७१: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कोड लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. हवा जास्त म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय, किंवा पेट्रोल कमी येतंय, किंवा सेन्सरच्या पुढे कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरतेय. पेट्रोल कमी पडत असतं तर जास्त वेगात, चढावर, गाडी ओढायला कमी पडली असती. इथे उलटं होतं. आयडलिंगला इंजिन फारच थोडी हवा घेतं, तेव्हा चोरवाटेची जराशी हवाही मोठी ठरते. आरपीएम वाढले की तिचं प्रमाण नगण्य होतं. म्हणजे संशय गळतीवर. रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इनटेक मॅनिफोल्डभोवती (इंजिनात हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याभोवती) फिरवत गेलो, फिरणाऱ्या बेल्टपासून हात आणि बाह्या लांब ठेवून. मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो तिथे, फुस्स आवाज आला. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, रबरी नळी बाकाशी तडकली होती. उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून रबराचं असं होतं. नळी बदलली, कोड पुसला, काटा जागेवर थांबला. नव्या सेन्सरच्या तुलनेत खर्च हसण्यासारखा. पण त्या संध्याकाळी मी उगाचच पंधरा मिनिटं गाडी उभ्या जागी चालू ठेवून काट्याकडे बघत बसलो होतो, त्याची किंमत कशात करायची?

चालवण्याबद्दल. वजन टनाच्या आत आहे, टायर अरुंद, काचा मोठ्या, खांब बारीक. चौफेर दिसतं, त्यामुळे मागच्या कॅमेऱ्याची आठवण येत नाही. स्टिअरिंग नव्या गाड्यांपेक्षा जड, पण रस्ता ओला आहे की खडीचा ते हाताला कळतं. ताकद कमी असल्यामुळे चढावर तिसरा टाकावा लागतो, दुसराही टाकावा लागतो, इंजिन पूर्ण पिळून घ्यावं लागतं, आणि एवढं करूनही वेग कायद्यातच असतो. शक्तिमान गाडीची सगळी ताकद वापरायला मिळते कुठे! हायवेवर मात्र मजा संपते. शंभरला आत बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि बाजूने ट्रक गेला की गाडी हलते. ॲव्हरेज समाधानकारक, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. इंजिन थोडं ऑइल पितं. टाकी भरली की डिपस्टिक बघायची, एवढी सवय पुरते.

पार्ट्सचं म्हणाल तर खपलेलंच मॉडेल घ्यावं, दुर्मीळ गाडीच्या मोहात पडू नये. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट सहज मिळतात. छळतात ते प्लास्टिकचे क्लिप, दाराच्या कड्या, डॅशबोर्डचे तुकडे. ते भंगारातल्या गाड्यांवरूनच काढून आणावे लागतात. आरसा, कडी, सीट भंगारातून खुशाल घ्यावी. ब्रेकचं काही, बेल्ट किंवा टायर तिथून घेऊ नये. पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केले, रात्री फरक जाणवतो. फक्त घासल्यावर अतिनील किरण अडवणारं कोटिंग द्यावंच लागतं, नाहीतर काच पुन्हा पिवळी होते. काच कसली, पॉलिकार्बोनेटच ते.

आता सुख नसलेला भाग, आणि तो मी लपवणार नाही. सुरक्षेत ही गाडी नव्या गाडीच्या जवळपासही नाही. दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, ती उगाच नव्हे. एअरबॅग आहे म्हणूनही निश्चिंत राहू नये. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं, बॅग फुगवणारं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि अपघातात इन्फ्लेटर (बॅग फुगवणारी डबी) फुटून धातूचे तुकडे उडतात. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले, आणि त्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. जुनी गाडी घेताना सतरा अक्षरी चासी नंबर टाकून रिकॉल शिल्लक आहे का हे आधी बघावं. हे काम फुकट होतं, तरी बहुतेक जण करत नाहीत. धुराच्या बाबतीतही जुन्या गाडीची बाजू घेता येत नाही. नवी गाडी बनवताना होणारं प्रदूषण वाचतं हे खरं, पण माझ्या गाडीच्या नळकांड्यातून जे बाहेर पडतं ते नव्या गाडीपेक्षा जास्तच. माझा वापर कमी आहे, म्हणून मला पटतं; रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याने वेगळा विचार करावा.

तसंच, घरात ही एकुलती एक गाडी असेल आणि सकाळी ठरल्या वेळेला पोचणं भाग असेल तर हा छंद नकोच. गाडीने मला रस्त्यात सोडलेलं नाही, पण पार्ट येईपर्यंत ती आठवडाभर उभी राहिलेली आहे. दुसरी सोय होती म्हणून त्याचं काही वाटलं नाही. घेण्याआधी आणखी एक बघावं: गंज. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं दुरुस्त होतं. दारांखालची पट्टी आणि सस्पेन्शन जिथे पत्र्याला धरलेलं असतं ती जागा कुजली असेल तर कितीही स्वस्त असो, परत फिरावं. पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा, घट्ट पत्रा टणक वाजतो.

सध्याची स्थिती: क्लच फार वर पकडायला लागलाय आणि चौथ्यात जोरात दाबलं की आरपीएम चढतात, गाडी चढत नाही. क्लच प्लेट संपत आली आहे. हे काम घरी होणार नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो उतरणारच आहे तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या मागचं ऑइल सीलही त्याच मजुरीत बदलून घेणार आहे. पार्ट मागवलेत.