‘अभी न जाओ छोड़कर’ नव्याने ऐकायचंय? गिटारवालं की ऑर्केस्ट्रावालं?

१९६१च्या ‘हम दोनों’मधलं हे गाणं २०२३ साली ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त धर्मेंद्र आणि शबाना आझमींच्या वाट्याला आलं, आणि मूळ चित्रपटाचं नावही न ऐकलेली मंडळी ते गुणगुणायला लागली. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, रफी-आशा तर आहेतच, पण आजच्या कोणाचं ऐकण्यासारखं आहे का? आहे, आणि ढिगाने आहे. बारकावे सोडले तर त्यात दोनच जाती: खोलीत बसून गिटारवर एकट्याने म्हटलेलं ‘अनप्लग्ड’, आणि स्टेजवर पूर्ण ऑर्केस्ट्रासह दोघांनी गायलेलं. मी दोन्ही भरपूर ऐकली आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तो माझ्या कानाचा कौल आहे, एवढं धरून चाला.

गिटारवाल्याची बाजू मुळीच लंगडी नाही. गीतकार साहिरच्या ओळी इथे अगदी आखूड आहेत, ‘हवा ज़रा महक तो ले, नज़र ज़रा बहक तो ले’, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी हळू बोलावं तशाच त्या लिहिल्या आहेत. संगीतकार जयदेवच्या चालीलाही मोठा आवाज लागत नाही, रफीनेही तो लावलेला नाही. त्यामुळे माईक तोंडाजवळ घेऊन कुजबुजल्यासारखं गायलं तर गाण्याचं काही बिघडत नाही, उलट शब्द न् शब्द कळतो. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला पहिल्या अंतऱ्यापर्यंत वाटतं, बास, हेच.

घोळ होतो तो दुसऱ्या अंतऱ्यात. हे गाणं म्हणजे गोडीतलं भांडण आहे. तो थांब म्हणतो, ती निघते म्हणते. ‘अगर मैं रुक गई अभी, तो जा न पाऊँगी कभी’ हा तिचा युक्तिवाद. एकटा गाणारा पुरुष इथे काय करतो? एक तर अंतराच गाळतो. नाहीतर ‘रुक गया’ करून टाकतो, मग निघालंय कोण आणि अडवतंय कोण, हेच कळेनासं होतं. काही जण प्रामाणिकपणे ‘रुक गई’च म्हणतात, पण त्याच गळ्यातून, त्याच लाडिक सुरात, म्हणजे स्वतःच थांबवायचं आणि स्वतःच निघायचं. एकटी बाई गायली तरी अडचण तीच, फक्त ती पहिल्याच अंतऱ्यात येते: ‘अभी अभी तो आई हो’ ती म्हणतेय कोणाला?

आणि शेवट! मूळ गाण्यात रफी ‘दिल अभी भरा नहीं’वर अडून बसतो आणि आशा त्याच्यावर ‘नहीं नहीं नहीं नहीं’ टाकते. तो हट्ट आणि हा नकार एकमेकांवर आदळतात, तिथे गाणं जिंकतं. गिटारवर एकट्याने म्हटलेले ‘नहीं नहीं’ म्हणजे नुसता विरत जाणारा आलाप. हे एकदा कानाला खटकायला लागलं की सुटत नाही. माझं तरी सुटलेलं नाही.

गिटारवर दोघांनी गायलेली व्हर्जन्सही सापडतात, त्यांना ही तक्रार लागू नाही. पण तिथे बऱ्याचदा वेळ वाचवायला रफीचा दुसरा अंतरा, ‘अधूरी आस छोड़ के’, उडवतात. आधी लांबी बघा. मूळ गाणं चार मिनिटांहून थोडं मोठं आहे. कव्हर, म्हणजे दुसऱ्याने नव्याने गायलेलं, तीन मिनिटांच्या आत आटोपत असेल, तर काहीतरी कापलंय हे नक्की.

आता ऑर्केस्ट्रावालं. त्याचे दोष मला तोंडपाठ आहेत. सुरुवातीची, चित्रपटातल्या सिगारेट लायटरची धून वाजत असतानाच निवेदक बोलत राहतो. ऑक्टोपॅडचा, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा, आवाज गरजेपेक्षा मोठा असतो. गायकाला मध्येच गळ्यातून एखादी नक्षीदार हरकत घेतल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यात मोठी अडचण पट्टीची: रफीची पट्टी झेपत नाही म्हणून सूर खाली उतरवतात, आणि मग बिचाऱ्या गायिकेच्या ओळी इतक्या खाली जातात की तिचा आवाज दबतो. तरीही दोन माणसं समोरासमोर उभी असतात. तिच्या ‘ये ऐसा सिलसिला नहीं’नंतर तो हसून पुढची ओळ उचलतो, कधी अर्धी मात्रा उशिरा उचलतो, आणि तो उशीरच खरा वाटतो.

जाता जाता जुन्या व्हर्जन कॅसेटींबद्दल, म्हणजे जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या कॅसेटींबद्दल. ‘रफ़ी की यादें’ गाणारा सोनू निगम त्याच शाळेतला. त्या जमान्यातली व्हर्जन्स सहसा अंतरे गाळत नसत, ताल मात्र यंत्राचा वाटे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हक्कदाराच्या संमतीशिवाय मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं होईपर्यंत कव्हर काढता येत नाही, आणि गरजेपुरतं सोडून मूळ कृतीत बदलही करता येत नाही. १९६१च्या गाण्याला पाच वर्षांचा प्रश्न नाही, पण ‘रुक गया’वाल्यांनी दुसरी अट एकदा वाचावी.

रात्री दिवा मालवून ऐकायला किंवा स्वतः गिटारवर बसवायला हवं असेल, तर पहिलं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण यादीत एकच ठेवायचं असेल तर, मला वाटतं, दोघांचं ठेवा, जमल्यास स्टेजवरचं. मी तेच ठेवलंय. निवेदकाचं भाषण मात्र पुढे ढकलावं लागतं.