पाव इंची ट्रिम राउटर आणि त्याचे बिट : काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या सियागंजातून पाव इंची कॉलेटचा (बिटाची दांडी आवळून धरणाऱ्या, फटी असलेल्या नळीचा) ट्रिम राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कापणारे हातातले यंत्र, आणि कार्बाइडच्या धारेच्या बिटांचा, म्हणजे त्यात बसणाऱ्या कापणाऱ्या पात्यांचा संच घेतला. तेव्हापासून सागवानी कपाटाचे ड्रॉवर, पुस्तकांची मांडणी आणि देवघराच्या कडा त्यावर झाल्या. मोटर दमदार आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. सांगायचे आहे ते बिटांविषयी. कारण बिट घसरला की आपण धारेला नावे ठेवतो आणि दुखणे बहुधा कॉलेटमध्ये असते.

ड्रॉवरच्या तळासाठी ६ मिमी खोल खाच काढत असताना ती सुरुवातीला नेमकी उतरली, पण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ९ मिमी झाली. बिट काढून पाहिला तेव्हा दांडीवर घासल्याची चकचकीत वळी उमटली होती. कॅलिपरने मोजल्यावर दांडी ६ मिमीची निघाली, आणि कॉलेट पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमीचा. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही, नटही आवळल्यासारखा वाटतो. परंतु दांडीला सर्व बाजूंनी सारखी पकड मिळत नाही, आणि भुसा वर फेकणारा सर्पिल धारेचा बिट असेल तर तो कापता कापता स्वतःला लाकडात ओढून घेतो. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या यंत्रासोबत असा संच देणे मला अत्यंत गैर वाटते. दुकानदाराने तो बदलून दिला, हे मात्र नोंदवले पाहिजे.

मापाचे बिट आल्यावरही पकड आपोआप येत नाही. बिट तळाला टेकेपर्यंत घालून दोन-तीन मिमी वर घ्यावा. तळाला टेकलेला राहिला तर नट आवळताना कॉलेटबरोबर दांडीला खाली सरकता येत नाही आणि पकड अर्धवट राहते. कॉलेटच्या फटींत सागाचा चिकट भुसा बसतो, तो पितळी ब्रशने काढावा. तेल मुळीच लावू नये.

सागवानात सिलिका असल्यामुळे धार लवकर बोथटते आणि कड करपू लागते. कोपऱ्यावर हात रेंगाळला तर नव्या बिटानेही काळा डाग पडतो. एकाच फेरीत पूर्ण खोली गाठण्याऐवजी दोन-तीन मिमीच्या फेऱ्या घेतल्या तर हा त्रास पुष्कळ कमी होतो आणि बारीक दांडी तुटण्याची भीतीही उरत नाही. बाहेरची कड समोर असताना राउटर डावीकडून उजवीकडे न्यावा. उलट नेला तर तो हातातून पळ काढतो. आडव्या रेशांच्या टोकाला ढलपी उडते, म्हणून तिथे टाकाऊ लाकडाचा तुकडा क्लँपने घट्ट लावूनच मी काम करतो.

कड गोल करणाऱ्या बिटाचे बेअरिंग (कडेला टेकून फिरणारे छोटे चाक) अलीकडे अडखळू लागले आहे. ते फिरायचे थांबले की कडेवर घासून तपकिरी पट्टा उमटवते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, प्लग काढलेला असताना, बोटाने फिरवून पाहावे. बेअरिंग सुटे मिळते. त्यासाठी अख्खा बिट टाकून देण्याची गरज नाही.